स्थावर, जंगम आणि वाडा

आमच्या आजोळचा वाडा सदाशिव पेठेत होता, दोन चौकांचा. तो पाडायचं ठरलं त्या वर्षी घरात, भाडेकरूंच्या बोलण्यात, महापालिकेच्या नोटिशीत, सगळीकडे ‘पाडणे’ हे एकच क्रियापद होतं. मीही तेच वापरत होते. जुनं लाकूड विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याबरोबर एक म्हातारे सुतारकाका आले होते. मामाने त्यांना विचारलं, “काका, किती दिवसांत पाडून होईल?” काका ओसरीच्या खांबावर तळहात टेकवून उभे होते. म्हणाले, “पाडायला काय, जेसीबी दोन दिवसांत पाडेल. मी उतरवणार. चढवलाय तसाच उतरवायचा असतो वाडा.”

माजघरावरची मोठी तुळई निघाली त्या दिवशी मी तिथे होते. याच तुळईला झोपाळ्याची लोखंडी कडी होती. काकांनी जोडाच्या खालून लाकडी खुंटीवर हलके हलके ठोके दिले. दहा-बारा ठोक्यांनी खुंटी वर सरकली, मग त्यांनी ती बोटांनी ओढून काढली. दोघांनी तुळई जरा उचलली आणि खांबाच्या डोक्यावरचा कुसू बाहेर आला. बाकीचा खांब धुराने, तेलाच्या हातांनी काळा झालेला, पण तुळईच्या पोटात लपलेलं ते चार बोटं लाकूड मधाच्या रंगाचं होतं. मी नाक जवळ नेलं. दीडशे वर्षांपूर्वी ज्याने तो कुसू तासला त्याच्यानंतर त्या लाकडाला वारा लागला नव्हता, आणि सागाचा वास अजून येत होता.

काकांनी प्रत्येक लाकडावर खडूने आकडा घातला. पण आकडे कुठल्या नकाशाचे, हे लिहून घ्यायला कुणी नव्हतं. ट्रक आला, लाकडं वखारीत गेली, उघड्यावर रचली गेली. पहिल्या पावसात खडू धुऊन गेला. उतरवलेला वाडाही शेवटी पाडल्यासारखाच झाला.

त्यानंतर बरीच वर्षं हा एक प्रश्न माझ्या मनात आहे. घर हलवता येतं का? आणि हलवलं तर ते तेच घर राहतं का?

कायद्याच्या भाषेत घर ही स्थावर मालमत्ता. दागिने, भांडी, गुरं ही जंगम. ही वाटणी आपल्या डोक्यात इतकी पक्की आहे की मृत्युपत्रं, वाटणीपत्रं तिच्यावरच उभी असतात. पण पुण्याचा जुना वाडा या वाटणीत नीट बसत नाही. त्याचं जोतं स्थावर, विहीर स्थावर, भिंती स्थावर. सांगाडा मात्र जंगम. जोत्यावर दगडी तळखडा, तळखड्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट, म्हणजे आपला कडीपाट. या सगळ्या रचनेत खिळ्याचं काम नाममात्र. कुसू भोकात बसतो, खुंटी त्याला धरून ठेवते, आणि वरच्या मजल्याचं ओझं खालचा जोड आवळत जातं. घराचं मोजमापसुद्धा या सांगाड्यावरूनच व्हायचं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि घर तीन खणी, पाच खणी. भिंत ही खणांच्या मध्ये भरलेली भर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हे फार क्रूरपणे दिसलं. दगडमातीच्या जाड भिंती माणसांच्या अंगावर कोसळल्या, आणि कितीतरी घरांत मधला लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला.

म्हणजे बांधणाऱ्यांनीच घर सुटं होईल असं बांधलं होतं. एखादी कडी कुजली तर तेवढीच बदलावी, खण वाढवायचा तर पुढे जोडावा, गरज पडली तर सगळं उतरवून दुसरीकडे चढवावं. मूर्तींच्या बाबतीत आपण चल आणि अचल प्रतिष्ठा हा भेद मानतो. एक जागेवरून हलवायची नाही, दुसरी पालखीत बसून जाते, आणि पूजा दोघींचीही होते. घराच्या बाबतीत हा भेद आपण विसरलो. वाडा एक तर जागेवर जपायचा, नाही तर जमीनदोस्त करायचा, एवढेच दोन पर्याय आपल्याला सुचतात.

पुण्यात या प्रश्नाची दोन मोठी उदाहरणं एकमेकांपासून पायी अर्ध्या तासाच्या आत आहेत. थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ सालची. २७ फेब्रुवारी १८२८ ला तो पेटला आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. सागवानी सांगाडा, कोरलेली छतं, मजल्यांवर मजले, सगळं गेलं. आज आपण तिकीट काढून आत जातो तेव्हा पाहतो ती जोती, हौद, कारंज्यांच्या खुणा, कोट आणि दिल्ली दरवाजा. स्थावर सगळं शिल्लक, जंगम सगळं नाहीसं.

दुसरं उदाहरण शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातलं. १७३४ मध्ये बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला वेगळा महाल बांधला. शनिवारवाड्याला तिच्या नावाचा दरवाजा होता, पण त्या घराने तिला मनापासून कधी सामावून घेतलं नाही. कोथरूड तेव्हा शहराबाहेरचं गाव. १७४० मध्ये आधी बाजीराव गेले, पाठोपाठ मस्तानी, आणि तिची कबर पाबळला झाली. कोथरूडचा महाल पुढे मोडकळीला आला. त्याची जागा आज कर्वे रस्त्यावरच्या मृत्युंजयेश्वर मंदिराच्या परिसरात दाखवतात. त्या रस्त्याच्या काही भागावरून आता मेट्रो धावते. महालाचे उरलेले भाग दिनकर गंगाधर केळकरांनी आणले आणि आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. तेच हे ‘मस्तानी महाल’ नावाचं दालन. इथे जंगम राहिलं आणि स्थावर गेलं. बाजीरावांच्या घराची जमीन उरली, मस्तानीच्या घराचं लाकूड उरलं. आणि ते लाकूड आता बाजीराव रस्त्याच्या कडेला येऊन राहिलं आहे.

केळकर हे काही वास्तुशास्त्राचे पंडित नव्हते. घरचा चष्म्यांचा व्यवसाय, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. राजा हा मुलगा सात वर्षांचा असताना गेला, आणि सगळ्या संग्रहाला त्यांनी त्याचं नाव दिलं. अडकित्ते, दिवे, दौती, पाय घासायच्या वज्र्या, पानाचे डबे, कोरीव दारं अशा सुमारे २० हजार वस्तू त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी गोळा केल्या, आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. १९९० मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी ते गेले. मला या माणसाबद्दल अपार आदर आहे. लोक जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत देऊन स्टील घेत होते त्या काळात ते वज्रीसुद्धा उचलून ठेवत होते. त्यांनी हात घातला नसता तर मस्तानीच्या महालाचं लाकूड कुठल्या तरी बंबात गेलं असतं.

तरीही त्या दालनात उभं राहिलं की मला आजीची गोधडी आठवते. आजीचं लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची. कापड तेच, रंग तोच, वाससुद्धा तोच. पण ते लुगडं नसतं. कुणी ते नेसणार नाही, त्याचा पदर कुठला हे सांगता येणार नाही. मस्तानी महाल ही तशी एका महालाची गोधडी आहे. खांब खरे, कोरीव काम खरं, ज्या हातांनी ते कोरलं ते हात खरे. पण महालाला अंगण असतं, चौकात आभाळ उतरतं, दुपारच्या उन्हाची तिरीप कुठल्या वेळी कुठल्या खांबाशी येते हे घरातल्या माणसाला न बघता ठाऊक असतं. दालनाला आभाळ नाही. कोथरूडहून शनिवारवाड्याकडे निघालेल्या माणसाला मध्ये नदी ओलांडावी लागे. ते अंतर हाच त्या घराचा अर्थ होता. ते घर मुद्दाम दूर बांधलेलं होतं. लाकूड शहराच्या मध्यात आणताना ते दूरपण हरवलं.

ज्यांना घर हलवणं मान्य नाही त्यांचं म्हणणं नेमकं हेच आहे, आणि ते हलकं नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या सातव्या कलमाचा आशय असा, की स्मारक त्याच्या इतिहासापासून आणि ज्या परिसरात ते उभं आहे त्याच्यापासून वेगळं करता येत नाही. ते वाचवण्यासाठी गरजच असेल, किंवा राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पातळीवरचं अत्यंत महत्त्वाचं हित असेल, तरच ते हलवावं. सनद लिहिणारे बहुतेक युरोपातले होते, दगडाच्या देशातले. दगडी कॅथेड्रल जागेवरच झिजतं, जागेवरच दुरुस्त होतं. लाकडाच्या देशांनी पुढे याला उत्तर दिलं. १९९४ मध्ये जपानमधल्या नारा शहरात जो दस्तऐवज झाला त्याने मांडलं की अस्सलपणा फक्त जुन्या द्रव्यात नसतो. तो घडणीत, परंपरेत, कारागिरीत, वापरात आणि भावनेतही असतो, आणि प्रत्येक संस्कृतीने तो आपल्या कसोटीवर जोखावा. जपानमधल्याच इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडात हुबेहूब बांधतात. २०१३ मध्ये ते बासष्टाव्यांदा बांधलं गेलं. आणि उतरवलेलं जुनं लाकूड जपानभरच्या इतर देवळांना दिलं जातं. एका देवळाची तुळई दुसऱ्या देवळात जाते, आणि तिथे ती तुळईचंच काम करते.

तुळईने तुळईचं काम करावं, ही साधी कसोटी मला सगळ्या सनदांपेक्षा जवळची वाटते.

या कसोटीवर जगातली हलवलेली घरं पाहिली तर फरक लगेच दिसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गुजरातेतल्या पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकाच्या अखेरचा सागवानी मंडप आहे. १९१६ पासून तो तिथे आहे. त्याचं कोरीव काम पाहून डोळे दिपतात, पण पाटणच्या ज्या गल्लीत लोक त्याच्या खाली उभे राहून हात जोडत, ती गल्ली त्याला मुकली. नॉर्वेतल्या वांग गावचं जुनं लाकडी चर्च १८४० च्या दशकात उतरवून प्रशियाच्या राजाने सिलेशियाच्या डोंगरात नेलं. ते आज पोलंडमध्ये आहे. मूळ गावापासून शेकडो मैल दूर, पण आजही तिथे प्रार्थना होते. घंटा वाजते म्हणजे छप्पर कामावर आहे.

माझ्या मनात सर्वांत ठसलेलं उदाहरण आहे चीनच्या आन्हुइ प्रांतातलं ‘यिन यू तांग’. हुआंग कुटुंबाच्या आठ पिढ्या त्या घरात राहिल्या. १९९० च्या दशकात घर रिकामं पडलं, घराण्याने ते विकायचं ठरवलं, आणि अमेरिकेतल्या सेलम गावच्या पीबडी एसेक्स संग्रहालयाने ते घेतलं. अडीच हजारांहून जास्त लाकडी भाग एकेक मोजून, चित्र काढून, आकडे घालून समुद्रापार गेले आणि २००३ मध्ये ते घर लोकांसाठी खुलं झालं. चौक चौकासारखा उघडा ठेवला. भिंतींवर चिकटवलेली वर्तमानपत्रंसुद्धा गेली, म्हणजे घराचं शेवटचं, गरिबीतलं वयही गेलं. शिवाय या व्यवहारात मूळ भागातल्या जुन्या वास्तूंच्या जतनासाठी मदत करण्याचं बंधन होतं. घर नेताना मागे काय ठेवायचं याचा विचार त्यात आहे. हलवणं आणि उचलून नेणं यांच्यातला फरक मला इथे दिसतो.

आपल्याकडेही हे झालं आहे. मणिपालला विजयनाथ शेणॉय नावाच्या एका बँक कर्मचाऱ्याने मोडीत निघालेली घरं उतरवून हस्तशिल्प हेरिटेज व्हिलेज उभं केलं. कुकनूरचा कमल महाल तिथे आहे. चेन्नईजवळ दक्षिणचित्र १९९६ मध्ये सुरू झालं. तिथे केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, आंध्र इथली खरी घरं आणून बसवली आहेत, आणि त्यांच्या ओसरीवर कारागीर बसून काम करतात. महाराष्ट्राकडे याच्या तोडीचं काय आहे? कोकणातलं चिरेबंदी घर, देशावरचा वाडा, खानदेशातलं धाब्याचं घर, मराठवाड्यातलं माळवद, एका जागी, आत शिरून बघता येतील अशी? ज्या पुण्यात सत्तर-ऐंशी वर्षांत शेकडो वाडे जमीनदोस्त झाले, त्या पुण्याने त्यांतला एक तरी नीट उतरवून नीट चढवला का?

वाडे का गेले हे पुणेकराला सांगायला नको. भाडेनियंत्रणाचा कायदा १९४७ चा. भाडी गोठली, मालकाला कौलं फेरायलाही परवडेना, भाडेकरूला ती जागा सोडणं परवडेना. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटली आणि नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती एका दिवसात विरघळल्या. नंतर वाटण्या झाल्या, एका मिळकत पत्रिकेवर वीस-वीस नावं आली. दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा जातात, आणि एखाद्या वर्षी भिंत खरोखर कुणाच्या तरी अंगावर येते. अशा वाड्यात चार माणसं एका खोलीत आणि संडास चौकापलीकडे, हे आयुष्य ज्यांनी काढलं त्यांना ‘वारसा जपा’ असं आलिशान फ्लॅटमधून सांगणं अन्यायाचं आहे. मी ते सांगणार नाही.

माझं सांगणं वेगळं आहे. विश्रामबागवाड्यासारखी वास्तू जागेवरच राहिली पाहिजे, त्यात वाद नाही. १८०७ ची ती इमारत, सुरूच्या आकाराचे तिचे खांब, रस्त्यावर झुकलेला तिचा सज्जा. १८७९ च्या आगीत तिचा मोठा भाग जळाला, पुन्हा बांधला गेला. संस्कृत पाठशाळा, नगरपालिका अशी कामं ती करत राहिली म्हणून टिकली. ज्या वाड्यांची नावं वारसा यादीत वरच्या श्रेणीत आहेत त्यांना हात लावू नये. पण यादीबाहेरचे, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतले वाडे आज ना उद्या जाणारच असतील तर परवानगीच्या कागदावर ‘पाडणे’ हा शब्द येण्याआधी ‘उतरवणे’ यावा. आधी मोजमाप, चित्रं, छायाचित्रं. मग प्रत्येक लाकडाला न पुसणारा आकडा. मग महापालिकेचं स्वतःचं एक कोठार, छप्पर असलेलं, वाळवी न लागणारं. आणि कुठे तरी एक जागा, जिथे त्यातले दोन-तीन वाडे पुन्हा चढवले जातील, चौकासकट, विहिरीसकट.

हे अशक्य वाटत असेल त्यांनी टीडीआर आठवावा. एका जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क कागदावर उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेता येतो, विकता येतो. जमिनीवरची जी हवा, तिच्यात बांधण्याचा हक्क आपण जंगम केला. त्यासाठी किती बारीक नियम लिहिले, किती मोठा बाजार उभा केला. जी वस्तू हलवण्यासाठीच घडवली होती तिच्याकडे मात्र आपण रद्दीच्या भावाने पाहतो. मालकाला लाकडाचे पैसे मिळावेत, जरूर मिळावेत. फक्त विकलं जाण्याआधी ते वाचलं जावं.

यावर एक आक्षेप मला खरोखर अडवतो. हलवण्याची सोय झाली की ती सबब होईल. ‘काळजी करू नका, आम्ही वाडा दुसरीकडे उभा करतो’ असं म्हणून पेठेतली उत्तम वास्तूही हलवली जाईल, आणि शहराच्या कडेला वाड्यांची एक जत्रा भरेल, जिथे लोक नऊवारी नेसून फोटो काढतील. हा धोका खरा आहे. त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. जागा हाच ज्या वास्तूचा प्राण आहे, तिथे हलवण्याचा विचारही करू नये. बुधवार पेठेतला भिडे वाडा घ्या. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला गेला, त्या जागी स्मारक व्हायचं आहे. समजा त्याच्या तुळया, कड्या नेऊन कुठल्या संग्रहालयात उभ्या केल्या असत्या, तर काय हाती आलं असतं? शहराच्या भर मध्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, शेणमातीचे गोळे झेलत ती शाळा चालली. त्या रस्त्यावर असणं हेच तिचं धैर्य होतं. तिथे लाकडापेक्षा जमीन मोठी. तरीही मला हळहळ वाटते की स्मारकाच्या आत ठेवायला एक तरी खण, ज्याच्याखाली त्या मुली बसल्या असतील असा, नीट उतरवून का ठेवला नाही.

आणखी एक गोष्ट, जी वाड्यांवर प्रेम करणारी आम्ही माणसं सहसा बोलत नाही. वाडा हलवताना दिवाणखाना हलतो, केळफुलाची महिरप हलते, देवघर हलतं. मागची बाजू हलत नाही. आमच्या आजोळच्या वाड्याला मागे एक अरुंद बोळ होता. संडासाच्या टोपल्या न्यायला येणारी बाई त्या बोळातूनच यायची आणि त्यातूनच जायची. पुढच्या दिंडी दरवाजातून ती कधी आली नाही. माजघराच्या पलीकडे एक अंधारी खोली होती, तिथे पणजोबांची बालविधवा बहीण पन्नास वर्षं राहिली. वाडा हा सांगाड्यासकट माणसांची उतरंडही होता. गंज पेठेत फुल्यांच्या घराच्या आवारात तो हौद आजही आहे, जो त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला. ते घर जागेवर आहे म्हणून घर आणि हौद यांतलं अंतर आपल्याला पावलांनी मोजता येतं. कुणी उद्या वाडा उतरवून दुसरीकडे चढवणार असेल, तर तो बोळही मोजून न्यावा. ती खोलीही न्यावी, आणि तिला खिडकी पाडू नये.

मस्तानी महालाकडे पुन्हा येते. केळकर संग्रहालयाला जागा अपुरी पडते, ते बावधनला मोठ्या जागेत न्यावं, अशी चर्चा पुण्यात बरीच वर्षं आहे. तसं झालं तर ते लाकूड पुन्हा एकदा नदी ओलांडेल, आणि जाताना कोथरूडवरूनच जाईल. मला ती संधी वाटते. केळकरांकडे एका घरात जेवढी जागा होती तेवढ्यात त्यांनी ते बसवलं. मोकळी जमीन असेल तर त्या खांबांना जोतं देता येईल, पुढे अंगण सोडता येईल, माथ्यावर आभाळ देता येईल. कुठला भाग मूळचा, कुठला नंतर घातलेला, हे लाकडाच्या रंगातूनच कळू देता येईल. आणि मृत्युंजयेश्वराच्या आवारात, जिथून ते निघालं तिथे, ठळक अक्षरांत लिहिता येईल की इथलं घर कुठे गेलं आहे. घर जिथे गेलं तिथे मूळ जागेचं नाव, आणि जिथून गेलं तिथे नव्या जागेचं. टपाल खातं एका साध्या पत्रासाठीसुद्धा एवढं करतं.

दोन वर्षांपूर्वी पुण्याबाहेर एका हॉटेलात जेवायला गेलो होतो. जुन्या वाड्याचं वातावरण होतं. पितळी समया, जातं, पाण्याचं घंगाळ. दाराच्या वर काँक्रीटच्या भिंतीत एक जुनी तुळई बसवली होती. ती काहीच पेलत नव्हती, तिच्यावर फक्त रंगवलेली भिंत होती. आत शिरता शिरता मी थांबले, कारण तिला झोपाळ्याची कडी होती. तुळई आडवी फिरवून बसवल्यामुळे कडी खाली लोंबायची ती आता समोर आली होती, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. कडीच्या आतल्या बाजूला एकाच जागी खोल झीज होती. आमचा झोपाळा डावीकडे जास्त जायचा. आजी म्हणायची, भिंतीकडे कमी झोका घ्या.

व्यवस्थापक तरुण मुलगा होता. मी विचारलं तर म्हणाला, “मॅडम, पुण्यातल्या कुठल्या तरी वाड्याची आहे. मालकांनी वखारीतून आणली. ती कडी उंच माणसांच्या कपाळाला लागते, कापायचीच आहे.” मी म्हटलं, कापू नका. मग त्याला पेठ सांगितली, गल्ली सांगितली, आतला दुसरा चौक, माजघर, पूर्वेकडून तिसरा खण. त्याने खिशातली ऑर्डरची वही काढली आणि एका कोऱ्या पानावर ते सगळं लिहून घेतलं. खण या शब्दाशी थांबून त्याने विचारलं, “म्हणजे किती?” मी दोन्ही हात पसरून दाखवले.